सातवं कलम

काकांकडे गाळा मागायला कुणी आलं की ते त्याला खुर्ची देत नसत. अंगणातल्या लोखंडी प्लेटकडे बोट करून म्हणायचे, "आधी तिथं उभं राहा. सामानासकट."

ती प्लेट म्हणजे ट्रक तोलायचा जुना वजनकाटा. जालना रोडवर, चिकलठाण्याच्या पुढे, कारखान्यांची रांग संपून ज्वारीची शेतं सुरू व्हायची तिथे पूर्वी कापसातली सरकी काढायची एक जिनिंग होती. ती बंद पडली, यंत्रं भंगारात गेली. रस्त्याकडेला कापसाच्या गाड्यांचा लांबलचक पत्र्याचा मांडव, एक खोली आणि हा काटा, एवढंच उरलं. काकांनी त्याच जिनिंगमध्ये तीस वर्षं काट्यावर कारकुनी केली होती. मालकानं रस्त्याकडची पट्टी विकायला काढली, तेव्हा काकांनी गावाकडची वाट्याची जमीन विकून ती घेतली. मांडवात भिंती घातल्या, पुढे शटरं लावली आणि सहा गाळे केले.

शेत विकून पत्रे घेणारा माणूस घरात चेष्टेचा विषय होतो, तसे तेही झाले. त्यांचे मेहुणे आठवड्यातून एकदा स्कूटरवरून येत, गाळ्यांकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत आणि विचारत, "दाजी, किती भरले?" एका बारवाल्याची या जागेवर नजर होती आणि तो मेहुण्यांचा मित्र होता. गाळे रिकामे राहिले तर जागा त्याला द्यायची, असं काकांनी घरी कबूल केलं होतं. कबूल करताना काका हसत होते, असं काकू सांगायच्या.

मी तिथे लागले ते इंग्रजी पत्रं लिहायला. छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, बी. ए. होऊन घरात बसलेली मुलगी. माझं इंग्रजी बरं होतं, मराठी घरापुरतं होतं आणि परक्या माणसासमोर दोन्ही बंद पडायचं. आईला वाटलं, ओळखीतल्या वयस्क माणसाकडे बसले तर निदान तोंड उघडेल. पहिल्या दिवशी काकांनी मलाही प्लेटवर उभं केलं आणि खोलीत जाऊन दांडीवरचं वजन सरकवलं. गंजलेला काटा होता. क्विंटलभराच्या खाली तो दखलच घ्यायचा नाही. दांडी जागची हलली नाही.

"मॅडम," खिडकीतून काका ओरडले, "तुम्ही आल्यात ना? काटा म्हणतो, कुणीच नाय आलं!"

त्यांनी रीतसर पावती फाडली. माल: मॅडम. आवक: शून्य. ती तारेत ओवून टाकली. मला इतका राग आला की संध्याकाळपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तो राग होता की नेहमीचंच होतं, हे काकांना कळायला मार्ग नव्हता.

त्यांच्या पावतीवर चार रकाने होते. माल, आवक, जावक आणि शेरा. भाडेकरू आला की तो, त्याचं सामान, त्याची खाट, सगळं एकदम तोलून 'आवक' लिहायची आणि पावती तारेत ओवायची. का, असं विचारलं तर म्हणायचे, "माणूस आला किती आणि झाला किती, हे कुठंतरी लिहिलेलं पाहिजे. नंतर लोक विसरतात."

खोटं वजन मात्र त्यांनी कधी लिहिलं नाही. एकदा एक धनगर आजी वीसेक मेंढ्या घेऊन आली. व्यापारी नजरेनं वजन ठरवतो आणि फसवतो, म्हणून तिला पावती हवी होती. मेंढ्या प्लेटवर टिकेनात. एकीचे पुढचे दोन पाय बाहेर, दुसरी उडी मारून रस्त्यावर. काकांनी उन्हात पाच वेळा तोललं. आजीच कंटाळली. म्हणाली, "लेकरा, चार-दोन किलो इकडं-तिकडं झालं म्हणून काय व्हतंय? लिही की!"

"आजी, तुला चालतंय," काका म्हणाले, "पण दांडीला कसं सांगू?"

जागेबद्दलच्या त्यांच्या कल्पना मला कुठल्या पुस्तकात सापडल्या नसत्या. "समोरून गाड्या किती जातात ते मोजू नये," ते म्हणायचे, "थांबतात किती ते मोजावं." जागा घेण्याआधी ते आठ दिवस समोरच्या मोरीच्या कठड्यावर भाकरी बांधून घेऊन बसले होते. काटा बंद होऊन वर्ष झालं होतं, तरी तिथे आलं की ट्रकचा वेग कमी व्हायचा. "मालक गेला, जिनिंग गेली, पण ड्रायव्हरचा पाय अजून ब्रेकवर जातोय. मी त्या पायाचे पैसे मोजले, मॅडम. पत्रे फुकट मिळाले." म्हणूनच काटा उखडून तिथे पार्किंग करा, हा सगळ्यांचा शहाणा सल्ला त्यांनी कधी मानला नाही.

हे कारखाने एक दिवस शेंद्र्यापर्यंत जातील, असंही ते सांगायचे. शेंद्र्याहून दूध घालायला येणारा माणूसही त्यावर हसायचा.

पत्रांचं काम असं चालायचं. काका खोलीत येरझारा घालत मजकूर सांगायचे. "लिहा. मॅनेजरसाहेब, आमची जागा लई मोक्याची हाय. तुमच्या ट्रकला पंक्चर होतंच, ते आमच्या दारात झालेलं काय वाईट? तुम्ही गाळा नाय घेतला तर तुमचा शेजारी घेईल आणि मग तुम्ही रडाल." मी लिहायचे की सदर जागा आपल्या कंपनीच्या गोदामासाठी सोयीची ठरेल, कळावे. काकांना इंग्रजी येत नव्हतं. कागद हातात घेऊन ते चष्मा वर करायचे.

"रडाल लिहिलं?"

मी मान हलवायचे.

"कुठं?"

मी कुठल्यातरी लांब शब्दावर बोट ठेवायचे. ते समाधानानं सही करायचे.

कंपन्यांनी गाळे घेतले नाहीत, पण कंपन्यांमुळे आलेल्यांनी घेतले. दीड वर्षात पाच गाळे भरले. पहिले आले पाचोडकडचे पाटील. शेती भावांवर सोपवून त्यांनी टायरचं दुकान टाकलं. आले तेव्हा एक कॉम्प्रेसर, चार पान्हे, एक खाट आणि स्वतः. आवक तीन क्विंटल चाळीस किलो. बाकीचे चौघे पाटलांच्या ओळखीनं आले आणि पाटलांच्याच डोक्यानं चालायचे. करारनामा इंग्रजीतच पाहिजे, हा हट्टही पाटलांचाच. "मराठीतला कागद म्हणजे तलाठ्याचा कागद, काका. इंग्रजीत असला म्हणजे कंपनीवाल्यापुढं ठेवायला बरा दिसतो." मी सहा कलमांचा साधा करारनामा टाइप केला. पाचही जणांनी तो उलटसुलट करून पाहिला, स्टॅम्पपेपरवर हात फिरवला आणि सह्या केल्या. वाचून दाखव, असं मला एकानंही म्हटलं नाही. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

सहावा गाळा मागायला पेंटर आला.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावरून शहरात कधी मोर्चा, कधी बंद, कधी दगड. आमच्या घरी दुपारीच खिडक्या लावल्या जायच्या आणि वडील रेडिओ बारीक करून ऐकायचे. माणसं नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारायची. पेंटरच्या खांद्यावरची शबनम पिशवी लांबूनच उत्तर द्यायची. विद्यापीठाला जे नाव अजून मिळायचं होतं, ते त्यानं निळ्या रंगात तिच्यावर सुबक अक्षरांत लिहून टाकलं होतं. त्याआधी दोन जागामालकांनी त्याला गाळा देतो म्हणून सांगितलं होतं आणि आडनाव कळल्यावर काहीतरी अडचण काढली होती. तो फूटपाथवर पाट्या रंगवायचा. पावसाळा तोंडावर आला होता आणि ओली पाटी कुणी घेत नाही.

काकांनी त्याला काट्यावर उभं केलं. शिडी, रंगाचे डबे, ब्रश, तो. दांडी हलली नाही.

"शून्य," काका म्हणाले. "आमच्या मॅडमच्या बरोबरीचा आलास."

पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरकडे पाहिलं.

मी करारनाम्याची टाइप केलेली इंग्रजी प्रत पुढे केली. त्यानं ती परत सरकवली. "ताई, मराठीत द्या. मी वाचून सही करतो."

दोन दिवस खपून मी सहा कलमं मराठीत लिहिली. त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या तेरा चुका दुरुस्त केल्या. एका जागी मी 'भाडेकरू गाळा सोडून पळेल' असं लिहिलं होतं. तो पहिल्यांदा हसला. "सोडेल एवढंच लिहा, ताई. पळायचं ज्याचं त्यानं ठरवू द्या." मग त्यानं प्रत्येक कलम बोट ठेवून पुन्हा वाचलं, सही केली आणि शुक्रवारी सामान आणतो म्हणून सांगितलं.

गुरुवारी सकाळी तो आपलं शटर रंगवत होता, तेव्हा पाटील बाकीच्या चौघांना घेऊन काकांच्या खोलीसमोर आले. मेहुण्यांची स्कूटरही नेमकी त्याच वेळी आली. हा योगायोग असेल, असं मला आजही वाटत नाही.

"काका, माणूस चांगला हाय," पाटलांनी सुरुवात केली. "माझं सोताचं काय नाय."

शिडीवरून पेंटर म्हणाला, "बोला पाटील, बिनधास्त बोला. मी ऐकत नाय. रंग देतोय."

पाटलांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "दिवस कसले हायत ते तुम्ही बघताय. उद्या काय झालं तर पहिला दगड आपल्या पत्र्यावर पडंल. ह्यांचं म्हणणं असं, की हा आला तर आम्ही पाचही गाळे सोडतो."

मागचे चौघे जमिनीकडे बघत उभे होते. मेहुणे काट्याच्या प्लेटकडे बघत होते. तिथे बारच्या खुर्च्या-टेबलं कशी बसतील, हे मोजल्यासारखं.

काका उठले. बाहेर आले, आभाळाकडे पाहिलं, शटरकडे पाहिलं. एक गाळा धरायचा तर पाच जाणार होते. पाच धरायचे तर शिडीवरचा माणूस पुन्हा फूटपाथवर. मला वाटलं, आता ते काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "आडनावाला वजन नसतं, पाटील. असतं तर माझ्या पावतीवर त्याचा रकाना असता."

"ते खरं. पण आम्ही सोडतो म्हंजी सोडतो."

"सोडा की. कागदाप्रमाणं सोडा." काकांनी मला हाक मारली. "मॅडम, पाटलांचा करारनामा आणा."

मी आणला.

"सातवं कलम वाचा."

माझ्या हातात दीड पान होतं आणि त्यावर सहा कलमं होती. ती मीच टाइप केली होती. मी काकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते, अगदी सावकाश. सात माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांतला एक शिडीवर होता. कलमं किती आहेत, हे माझ्याखेरीज फक्त त्यालाच नक्की माहीत होतं. 'सातवं कलम नाही' ही तीन शब्दांची खरी गोष्ट जिभेवर तयार होती. शाळेत आम्हाला खरं बोलायलाच शिकवलं होतं.

मी कागद डोळ्यांजवळ धरला. सहाव्या कलमाखाली, जिथे नुसती कोरी जागा होती, तिथे बोट ठेवलं.

"क्लॉज सेव्हन," मी म्हणाले. आवाज इतका बारीक होता की पाटील पुढे वाकले. मी घसा खाकरला आणि मराठीत बोलू लागले. "भाडेकरू गाळा सोडताना... काट्यावर तोलला जाईल. आवकेच्या पावतीवर जितकं वजन आहे तितकंच सामान त्यानं न्यावं. वाढलेलं वजन... गाळ्यातच राहील."

समोरून एक ट्रक गेला. जाता जाता सवयीनं त्याचा वेग कमी झाला.

"आँ?" पाटील म्हणाले.

काकांनी तारेवरून पावत्या उपसायला सुरुवात केली होती. "पाटील... पाटील... हं. आवक तीन क्विंटल चाळीस किलो. या, काट्यावर या. आधी तुम्ही सोता उभे राहा. दीड वर्षात तुम्ही बी वाढलायत. तुमचं वजन जाऊन जेवढं उरंल तेवढे टायर उचला."

पाटलांनी नकळत पोटावर हात ठेवला. मग दुकानाकडे पाहिलं. बाहेर टायरची चवड माणसापेक्षा उंच होती आणि आत नवा कॉम्प्रेसर होता.

"असलं कुठं कलम असतंय का?"

"इंग्रजीत असतंय," काका म्हणाले. "तुम्हालाच इंग्रजीत पाहिजे होतं."

पाटलांनी मागच्या चौघांकडे पाहिलं. चौघंही आपापल्या दुकानाकडे बघत होते. त्यांतला हार्डवेअरवाला तर मनातल्या मनात सिमेंटच्या गोण्या तोलत असावा. त्याचे ओठ हलत होते. मग पाटील एकदम शिडीकडे वळले. "काय हो, तुमच्या बी कागदात हाय का हे?"

पेंटर ब्रश डब्याच्या कडेला निथळत होता. पूर्ण निथळून झाल्यावर म्हणाला, "हाय की. माझी तर आवक शून्य हाय, पाटील. तुम्ही निदान तीन क्विंटल घेऊन जाल. मला गाळा सोडायचा तर अंगावरच्या कपड्यांचा बी वांधा हाय. म्हणून म्हणतो, आता मी काय जात नाय."

पहिला हसला तो हार्डवेअरवाला. मग उरलेले तिघं. पाटील हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "काका, इचार करून सांगतो," आणि टायरच्या चवडीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मेहुण्यांची स्कूटर चार किकमध्येही सुरू झाली नाही. शेवटी त्यांना पेंटरनंच धक्का दिला.

कुणी गाळा सोडला नाही.

त्या दुपारी मी काकांना विचारलं. दोन वर्षांतला तो माझा पहिला मोठा प्रश्न असेल. "काका, सातवं कलम नव्हतंच. तुम्ही तर कधी खोटं..."

"मी कुठं खोटं बोललो? 'वाचा' एवढंच म्हणलं."

"आणि मी वाचलं नसतं तर?"

"दोन वर्षं तुम्ही माझं 'रडाल' गाळताय, मॅडम. मला ठाऊक नव्हतं व्हय? ज्याला गाळता येतं, त्याला घालता बी येतं."

पंधरा दिवसांनी पाटील एकटेच खोलीत आले. काका नव्हते. पाटलांच्या हातात त्यांची प्रत होती.

"माझा भाचा इंग्रजी शाळेत हाय," ते म्हणाले. "तो म्हणतो, सहाच हायत."

मी टाइपरायटरवरचा कागद सरळ करत राहिले.

"पुढच्या वेळेला खोटं बोलायचं तर आधी पाणी पीत जा. आवाज कापत होता तुमचा." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "ह्या चौघांना सांगू नका. मलाच हसतील." दारात जाऊन पुन्हा वळले. "आणि त्या पेंटरला सांगा, माझी पाटी करायची हाय. टायर असं अक्षर पाहिजे, की चिकलठाण्यावरून दिसलं पाहिजे. मी सांगितलं तर तो जास्त भाव लावंल."

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. ते एवढं सहज तोंडातून गेलं की पाटलांपेक्षा मीच चकित झाले.

त्यांनी सांगितलं. पेंटरनं भाव जास्तच लावला. पाटी मात्र खरोखर लांबून दिसायची. पुढे विद्यापीठाला ते नाव मिळालं त्या दिवशी पेंटरनं सहाही गाळ्यांत पेढे वाटले. पाटलांनी कशाचे पेढे, असं विचारलं नाही. एक खाल्ला आणि दुसरा घेताना कुणी बघतंय का, ते पाहिलं. मी बघत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला वाळूजच्या एका कंपनीत नोकरी लागली. टेलिफोनवर बोलायची, यावर आईचा बरेच दिवस विश्वास बसत नव्हता. निघताना काकांनी नेहमीप्रमाणे प्लेटकडे बोट केलं.

"जावक करायला पाहिजे, मॅडम. नियम हाय."

मी उभी राहिले. पाटील टायरवर बसून बघत होते, पेंटर ब्रश धूत होता. खोलीत दांडीवरचं वजन सरकल्याचा आवाज आला. त्यांच्या हातून खोटं वजन कधी लिहिलं जाणार नाही, हे मला माहीत होतं. तरी मी टाचा घट्ट रोवून जरा जड उभी राहिले. दांडी हलली नाही, हे त्यांच्या गप्प राहण्यावरूनच कळलं.

काका बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मग तारेतली जुनी पावती खिडकीतून माझ्या हातात दिली. ती अजून माझ्याजवळ आहे.

माल: मॅडम. आवक: शून्य. जावक: शून्य.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या किरट्या अक्षरात लिहिलंय: कलम सातप्रमाणे वाढलेलं वजन इथंच ठेवून घेतलं.